प्रवासी कॅमेरा : बिघाड, कारणे व उपचार (बीदर-कलबुर्गी विभाग)

कॅमेरा हे घरी उत्तम चालणारे यंत्र आहे. बारसे, गणपती, गॅलरीतले कबूतर अशा प्रसंगी तो वर्षभर कुरकुर करत नाही. तो बिघडतो सुट्टीत, बहुधा दुसऱ्या दिवशी, घरापासून शे-दीडशे किलोमीटरवर. बिघाडाची कारणे चार : धूळ, हादरा, ओल आणि मालक. पहिली तीन कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या पुस्तिकेत दिलेली असतात.

बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांत पहिली तीन कारणे मुबलक आहेत. बीदर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे, त्यामुळे तिथली धूळ तांबडी. कलबुर्गीकडे उतरले की काळी माती सुरू होते. एकाच सहलीत कॅमेऱ्याला दोन्ही रंगांची धूळ मिळण्याची सोय इतरत्र सहसा नसते. चौथे कारण प्रवाशाला सोबत न्यावे लागते.

विवेचनासाठी दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून निघालेले एक कुटुंब नमुना म्हणून घेतले आहे. त्यात कॅमेराधारक, त्याची पत्नी, सहावीतली मुलगी, आत्या आणि कॅमेरा असे पाच सदस्य होते. पाचव्याला खिडकीजवळची जागा मिळाली होती, आत्यांना मधली. सहल मुळात आत्यांची होती. त्यांना गाणगापूरला दत्तदर्शनाला जायचे होते. त्यासाठी उमरगा, आळंद असा सरळ रस्ता आहे. परंतु कॅमेराधारकाने बीदर वाटेतच असल्याचे सांगितले. नकाशा उलटा धरला तरी ते वाटेत येत नाही.

सोबतचे साहित्य असे : एक कॅमेरा, दोन लेन्स, तीन बॅटऱ्या, धूळ उडवायचा रबरी फुगा आणि ट्रायपॉड. कॅमेरा आणि ट्रायपॉड यांना जोडणारी तळहातापेक्षा लहान प्लेट लातूरला टीव्हीवर राहिली होती. प्लेटीशिवाय ट्रायपॉड म्हणजे तीन पायांची काठी. बीदरच्या लॉजमध्ये पहिल्या रात्री त्यावर टॉवेल वाळत घातले गेले आणि या कामी तो फार सोयीचा असल्याचे पत्नीने नोंदवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य बिघाड झाला. बीदर शहरालगत झरणी नरसिंहाचे गुहामंदिर आहे. सुमारे ३०० मीटर लांबीचा बोगदा, त्यात ऋतूप्रमाणे कमरेपासून छातीपर्यंत पाणी, छताला वटवाघळे आणि शेवटी आठ-दहा माणसे जेमतेम उभी राहतील एवढ्या जागेत नरसिंह व शिवलिंग. कथा अशी की नरसिंहाने झरासुर नावाच्या शिवभक्त राक्षसाला मारले. मरताना त्याने देवाला इथेच राहण्याची विनंती केली आणि स्वतः पाणी होऊन त्याच्या पायाशी वाहू लागला. म्हणजे दर्शनाला जाणारा प्रत्येक जण राक्षसातून चालत जातो. राक्षस कोमट आहे आणि वागायला सौम्य आहे.

“अहो, तो गाडीत ठेवा,” असे पत्नी म्हणाली. बिघाडाच्या इतिहासात हे वाक्य नेहमी आढळते आणि त्याचा उपयोग नंतर, रात्री, पुन्हा उच्चारण्यासाठी होतो. गुहेतला फोटो आपल्या ओळखीत कोणाकडेच नाही, असे कॅमेराधारकाचे म्हणणे होते. त्याने कॅमेरा किराणा दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पंच्याची चुंबळ केली, चुंबळीवर पिशवी ठेवली आणि डावा हात वर धरून तो पाण्यात उतरला. यमुनेतून जाणाऱ्या वसुदेवाला निदान टोपली होती.

पुढे आत्या, साडी सावरत, दत्ताचे नाव घेत, कोणाचाही आधार न घेता चालल्या होत्या. आजूबाजूच्या बापांच्या खांद्यांवर मुले होती. या कुटुंबात ती जागा भरलेली असल्याने मुलगी आईचा हात धरून, गळ्यापर्यंतच्या पाण्यात टाचा उंचावून चालत होती. “बाबा, मीपण वॉटरप्रूफ नाहीये,” असे ती एकदा म्हणाली. बोगद्यात आवाज घुमतो. मागून येणाऱ्या भालकीच्या मंडळींनी ते मराठीतच ऐकले आणि मराठीतच हसून घेतले.

पाण्याने कॅमेऱ्याला काहीही केले नाही, ही बाब मुद्दाम नोंदवली पाहिजे. ३०० मीटर पार झाले तेव्हा तो कोरडा ठणठणीत होता. गाभाऱ्याशी पिशवी उघडल्यावर पहिली अडचण आली. उदगीरपासून कॅमेरा गाडीच्या एसीसमोर ठेवलेला होता आणि त्या सकाळीही लॉजपासून तीच व्यवस्था होती. गार धातू आणि काच दमट, उबदार हवेत आली की त्यांवर दव धरते. थंड पाण्याने भरलेला तांब्या बाहेरून ओला होतो, तसेच. अशा वेळी पिशवी न उघडता वीस-तीस मिनिटे थांबावे, कॅमेरा बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. गुहेत तेवढा वेळ कोणी थांबू देत नाही. लेन्समधून नरसिंहाच्या जागी दाट धुके दिसले. कॅमेराधारकाने फोटोचा नाद सोडून कॅमेरा उघडाच पुन्हा डोक्यावर ठेवला आणि दर्शन घेतले.

मग तीर्थ आले. उजवा हात पुढे गेला, पळीभर तीर्थ तळव्यावर पडले, ते प्राशन झाले आणि लहानपणापासूनच्या संस्काराप्रमाणे तो ओला हात भक्तिभावाने डोक्यावरून फिरला.

डोक्यावर कॅमेरा होता.

अख्खा राक्षस पचवलेले यंत्र अर्ध्या चमचा पवित्र पाण्याने गेले. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बारीक सोनेरी बिंदूंची एक ओळ असते. त्यांतून दोघे एकमेकांशी बोलतात. ओला तळवा त्या फटीवरूनच गेला असावा. पडद्यावर लेन्स काढून पुन्हा लावण्याची सूचना आली, ती दोनदा लुकलुकली आणि पडदा काळा झाला. “तीर्थ पोचलं म्हणायचं,” आत्या म्हणाल्या.

ओल्या कॅमेऱ्यावरचा योग्य उपचार सोपा आहे. बॅटरी ताबडतोब काढावी, कार्ड काढावे आणि वाळेपर्यंत चालू करून पाहू नये. ओलीत वीज फिरली की आतले सर्किट जळते किंवा गंजू लागते. नमुना-प्रवाशाने तो वाळला का हे पाहण्यासाठी जेवणापूर्वी १९ वेळा चालू करून पाहिला. मुलीच्या कंपासपेटीतल्या खोडरबराने सोनेरी बिंदू घासले. हा उपाय मळलेल्या बिंदूंवर चालतो. ओल्यांवर फक्त रबराचा चुरा चिकटतो. दरम्यान टीव्हीवर राहिलेल्या प्लेटीचा प्रश्न सुटला. जगभर बहुतेक कॅमेऱ्यांच्या तळाला एकाच मापाचे, पाव इंची आट्यांचे भोक असते, आणि त्यात बसणारा बोल्ट बीदरच्या हार्डवेअरच्या दुकानात पाच रुपयांना मिळाला. वॉशर दुकानदाराने वरून दिला. ट्रायपॉड बरा झाला तेव्हा कॅमेरा वारला होता.

बीदर हे गाव अशा रुग्णाला फारसे खिजवत नाही. तिथे मोडलेल्या वस्तूंना मान आहे. महमूद गवानचा १४७२ सालचा मदरसा दारूगोळ्याच्या स्फोटात दर्शनी बाजूला अर्धा कोसळला; दोनपैकी एकच मनोरा उरला आहे आणि लोक त्याचेच फोटो काढतात. अष्टूरला हुमायून बहमनीच्या कबरीवर वीज पडून घुमट असा उभा चिरला की टरबुजाच्या फोडीसारखा आत-बाहेर एकदम दिसतो. किल्ल्यातल्या रंगीन महालातले शिंपल्यांचे जडावकाम चांगले आहे. ते त्या दिवशी पाहायचे राहिले, कारण कॅमेराधारक खोडरबर शोधत होता.

दुपारी कुटुंब बिदरी कामाच्या एका दुकानात शिरले. बिदरी म्हणजे जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे. ते कानशीने गुळगुळीत करतात, मोरचुदाचे पाणी चोळून तात्पुरते काळे करतात म्हणजे नक्षीची रेघ दिसते, मग छिन्नीने खोदतात आणि त्या खाचेत चांदीची तार ठोकतात. शेवटी भांडे गरम करून त्याला बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप चोळतात. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेली ती माती कारागीर जिभेला लावून पारखतात. लेप धुतला की सगळे भांडे काळेभोर होते आणि चांदी तेवढी पांढरी राहते. जुन्या फिल्मच्या फोटोत याच्या नेमके उलट घडायचे : तिथे चांदीचे क्षार असत आणि उजेड लागला की चांदीच काळी व्हायची.

कारागिराने बंद कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि मान हलवली. “काम अच्छा है जी. मगर काला हम सबसे आखिर में करते.”

संध्याकाळी अष्टूरला अहमदशाह वलीच्या कबरीत जाणे झाले. गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, राजधानी बीदरला आणणारा हा सुलतान १४३६ मध्ये वारला. त्याला मुसलमान वली मानतात, लिंगायत अल्लमप्रभूचा अवतार मानतात. उरुसाला कलबुर्गीकडून जंगम येतात आणि शंख फुंकतात. घुमटाच्या आतून सोनेरी, शेंदरी, निळी नक्षी आणि अक्षरे भरलेली आहेत, पण आत एवढा अंधार की हात पुढे केला तर दिसत नाही. रखवालदाराने दारातल्या उन्हात आरसा धरला आणि कवडसा वर फेकला. “उपर देखो, अम्मा.” परातीएवढा उजेड छतावरून हळूहळू सरकू लागला. जिथे तो जाई तिथली नक्षी पेटे आणि मागची विझे. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन वर्षही न झालेल्या आत्या भिंतीला टेकून मान वर करून पाहत होत्या. कवडसा पुढे गेला की त्या “थांब, थांब” म्हणत, आणि मराठी न येणारा रखवालदार प्रत्येक वेळी थांबे. ऊन उतरून आरशातून निघून जाईपर्यंत हे चालले. कॅमेराधारकाला त्या वेळात २०वा प्रयत्न करायचे सुचले नाही.

तिसऱ्या दिवशी कलबुर्गी. किल्ल्यातली १३६७ सालची जामा मशीद पूर्ण छताची आहे, तिला मोकळे अंगण नाही. ठेंगण्या कमानींच्या रांगांमधून फिरताना प्रत्येक पावलाला चौकट तयार मिळते, आणि अशा जागी बंद कॅमेरा गळ्यात फार जड लागतो. ओल्या यंत्राला तांदळात पुरण्याचा सल्ला इथे फोनवरून मेहुण्याने दिला. तांदूळ वस्तूला उघड्या हवेपेक्षा लवकर वाळवत नाही, वर पीठ आत शिरते, हे माहीत असूनही माणसे तो उपाय करतात, कारण काहीतरी पुरल्याचे समाधान मिळते. तांदूळ नव्हता. परंतु कलबुर्गी हा तुरीचा जिल्हा आहे. इथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आत्यांनी पाच किलो डाळ घेतलीच होती. कॅमेरा तिच्यात गाडण्यात आला. “डाळीला वास लागला तर बघ,” एवढेच त्या म्हणाल्या.

अशा रीतीने तो गाणगापूरला डाळीच्या पिशवीतून पोचला. मठात लहानशा झरोक्यातून निर्गुण पादुकांचे दर्शन झाले. नंतर भीमा-अमरजेच्या संगमावर आत्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी १९८६ सालचा एक बिघाड सांगितला. कॅमेराधारकाचे वडील तेव्हा इथेच ३६ फोटोंचा रोल घेऊन आले होते. रोलची पट्टी आतल्या दात्यांत नीट अडकली नाही. खटका वाजत राहिला, आकडा पुढे सरकत राहिला, फिल्म जागची हलली नाही. धुऊन आली तेव्हा पट्टी काचेसारखी स्वच्छ होती. चांदीला उजेडच मिळाला नव्हता. “इथे आई बसली होती, तिथे मी, आणि तू पाण्यात दगड टाकत होतास. एक फोटो औदुंबराखाली. एकात आईचे डोळे मिटले असणार, दादा चिडला होता.” आजी पुढच्याच वर्षी गेल्या. त्या ३६पैकी एकही फोटो अस्तित्वात नाही. वर्णन मात्र सगळ्यांचे उपलब्ध आहे.

मग आत्यांनी सर्वांना तसेच बसवले. आईच्या जागी त्या, त्यांच्या जागी पत्नी, दगड टाकायला मुलगी. “आता काढ,” त्या म्हणाल्या. कॅमेरा बंद आहे, असे कोणी म्हटले नाही. कॅमेराधारकाने डाळ झटकली, पाच रुपयांच्या बोल्टने कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, चौकट जुळवली, “हसा” म्हटले आणि बटण दाबले. आवाज आला नाही. त्याच वेळी पत्नीने बसल्या जागेवरून मोबाइलवर त्याचा एक फोटो घेतला. सहलीच्या उत्तरार्धातला तो एकमेव फोटो. त्यात कॅमेरा अतिशय स्पष्ट आला आहे.

या प्रकारचा बिघाड बहुधा कायमचा नसतो. लातूरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा आपणहून चालू झाला. आकाशाच्या फोटोत सेन्सरवरची धूळ दिसते. या नमुन्यात उजव्या कोपऱ्यात पिवळसर असे दोन ठिपके आढळले. पाच किलो डाळीची आमटी महिनाभर झाली आणि तिला कसलाही वास लागला नव्हता. गॅलरीत कबूतर बसले होते. त्याचे ४१ फोटो उत्तम आले.