पांढरी तीनचे अप्पा

आमच्या सोसायटीतले अप्पा जातीचे हत्यारबदलू. बॅडमिंटन जमेना, तेव्हा रॅकेटची तार ढिली होती. पोळ्या लाटायला बसले, तर पोळपाट चढउताराचा निघाला. निवृत्तीनंतर बासरी धरली आणि पांढरी पाच पट्टीच्या चारशे रुपयांच्या बासरीवर त्यांनी मनसोक्त ठपके ठेवले. भूप चुकला की भोकं वाकडी, सूर चढला की बांबू जाड. "एवढ्याशा नळीत खर्ज येणार कुठून? पांढरी तीनच पाहिजे हो!"

शेवटी पांढरी तीन आली. आसामच्या लांब पेराच्या बांबूची, दोऱ्यांनी आवळलेली, तेल पाजलेली, चांगली अडीच फूट लांब. अप्पांनी पाच हजार मोजले आणि वर पेढे वाटले. पन्नालाल घोषांनी लांब बासरी मैफलीत आणून बसवली नसती, तर आपण सगळे पिपाण्याच फुंकत राहिलो असतो, हे त्या दिवशी वॉचमनलासुद्धा कळलं.

पहिल्याच संध्याकाळी बासरीचं उजवं टोक फ्रिजला लागलं. सोफा हलवला. मग टोक काकूंच्या चहाच्या कपाला लागलं. काकू हलल्या.

पुढचं प्रकरण बोटांचं. मंद्र पंचमाला सहाही भोकं बंद लागतात. अप्पांची पाच होत. सहाव्यापर्यंत उजवी अनामिका पोचे, पण तिरकी. कडेला केसाएवढी फट राही आणि पंचमाऐवजी नळाला पाणी येण्याआधी होते तशी खरखर बाहेर पडे. अप्पा डोळे तिरके करून ती फट बुजवत, तोवर डावी अनामिका, आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही असं समजून, तिसऱ्या भोकावरून अलगद उठलेली असे.

त्यात फुंक जुन्या बासरीची. मोठ्या बासरीला खर्जात हलकी, संथ फुंक लागते. जोर केला की सूर उडून वरच्या सप्तकात जातो. अप्पा जोर करत. सूर वर जाई, अप्पांना घेरी येई, काकू लिंबूपाणी आणत. गुरुजींनी सांगितलं, "बोटांच्या टोकांचा हट्ट सोडा, पेरांनी झाका. आणि दाबू नका, नुसती ठेवा." अप्पांनी मान डोलावली आणि घरी येऊन बोटांच्या ताकदीसाठी रबरी चेंडू मागवला.

हत्यारबदलू माणसाची पंचाईत चांगलं हत्यार हाती आल्यावरच सुरू होते, कारण दोष द्यायला कोणी उरत नाही. पण अप्पा कल्पक. आषाढात बांबू पाणी प्यायलेला असतो, वैशाखात तो सुकतो. पंख्याचा वारा फुंकेत शिरतो, हे मात्र खरं आहे. बासरीवाले पंखा बंद करूनच बसतात. अप्पाही बसतात. फक्त ते वरच्या मजल्यावर जाऊन तिथल्या लोकांनाही पंखा बंद करायला सांगून येतात.

परवा मात्र कमाल झाली. गॅसचा नंबर लावला होता का, या विचारात अप्पा बासरी नुसतीच ओठांना लावून बसले होते. बोटं सैल, फुंक सैल. आणि मंद्र पंचम लागला. भरदार, गोल, खिडकीची काच किंचित थरथरेल असा. काकू निवडत्या मेथीसकट बाहेर आल्या. अप्पांनी लगेच पाठ ताठ केली, सहाही बोटं आवळली, छाती भरून घेतली आणि फुंकर मारली. नळ परत आला.

"बघितलंस?" अप्पा म्हणाले. "बासरी अजून खुललेली नाही. चांगला बांबू खुलायला वर्ष-दोन वर्षं घेतो."

"अहो, ती खुलेल तेव्हा खुलेल. आधी दार उघडा. वरचे आलेत, पंखा लावू का विचारताहेत."