सव्वा महिन्याचं पित्त

ऐकलंत का? आमच्या सोसायटीतल्या सगळ्यात धाकट्या रहिवाशाला ॲसिडिटी झालीय. वय सव्वा महिना! मिसळ खाल्लेली नाही, ऑफिसात साहेबाशी वाजलेलं नाही, जागरणं म्हणाल तर तीही स्वतः कमी, इतरांना जास्त. तरी पित्त!

आमच्या वेळी पित्त कमवावं लागायचं हो. वीस वर्षं टपरीवरचा चहा ढोसावा, तेव्हा कुठे चाळिशीत सकाळची रिकाम्या पोटीची गोळी नशिबी यायची. आता बारशाआधीच मिळते.

त्या बारशाला मी होते म्हणून सांगते. पाळण्याला फुलं, बाळाला जरीचं टोपडं, गळ्यात लाळेरं आणि उशाशी ड्रॉपरची बाटली. बाबांच्या मोबाइलवर गजर. औषध दूध पाजायच्या अर्धा तास आधी, उपाशीपोटी द्यायचं म्हणे. आता दर दोन तासांनी पिणारं मूल उपाशी सापडायचं कधी? बिचारा बाप ड्रॉपर उगारून बगळ्यासारखा टपून उभा!

आणि बाळाचा गुन्हा काय? दूध टाकतं. शांतं पापम्! अन्ननळी आणि जठर यांच्यामधली झडप या वयात सैलच असते, त्यातून खाणं पातळ आणि दिवसभर आडवं पडणं. दूध वर येईल नाही तर काय? चौथ्या महिन्याच्या आसपास हे प्रकरण शिगेला पोचतं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं आपसूक थांबतं. गंमत म्हणजे या औषधानं दूध वर यायचं थांबतच नाही. येतं ते कमी आंबट असतं, इतकंच. म्हणजे आईचा गाऊन खराब व्हायचा तो होतोच.

हे खूळ आपल्याकडचंच, असं समजू नका. अमेरिकेतल्या एका पाहणीत १९९९ ते २००४ या काळात तान्ह्यांना त्या रिकाम्या पोटीच्या गोळीच्या जातीची औषधं लिहून देण्याचं प्रमाण सातपटीहून जास्त वाढलेलं दिसलं. मग २००९ साली एका चाचणीचा निकाल आला, आणि तो मला फार आवडतो. रडणारी, किरकिरणारी १६२ बाळं. निम्म्यांना याच जातीचं लॅन्सोप्राझोल, निम्म्यांना नुसतं बनावट औषध. दोन्हीकडे ८१ पैकी ४४ बाळांचं रडणं कमी झालं. अगदी बरोबरीत! फरक पडला तो दुखण्यांत: खऱ्या औषधाच्या गटात छातीचे संसर्ग आणि इतर गंभीर त्रास जास्त. जठरातलं आम्ल म्हणजे जंतूंना दारातच अडवणारा वॉचमन. त्याला रजेवर पाठवलं की वर कोण चढेल, सांगता येतं का?

आणि ती पित्तावरचीच रॅनिटिडीन! घरोघरी चमच्यानं पाजलेली. तिच्यात एनडीएमए नावाचं, कर्करोगाचा संशय असलेलं द्रव्य सापडलं आणि २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेनं तिला बाजारातून काढायला लावलं. आपल्या सरकारनं २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीतून तिचं नाव कापलं. केवढा तो मान आणि केवढी ती पडझड!

आता कुणी माझं ऐकून बाटली मोरीत ओतू नका हं. काही बाळांना खरोखर अन्ननळीला जखमा असतात, त्यांना हे औषध हवंच. वजन वाढत नाही, उलटी हिरवी आहे, रक्त दिसतंय, तर डॉक्टरांकडे धावायचं, माझ्याकडे नाही. पण हे बाळ तर चांगलं बाळसं धरलेलं, गालावर खळ्या, टाकून झालं की खुदकन हसणारं.

तेवढ्यात गजर वाजला. बाबा ड्रॉपर भरेपर्यंत बाळाच्या पणजीनं त्याला उचलून खांद्यावर टाकलं आणि पाठीवर हात फिरवला. ढेकर आली ती पार दारातल्या चपलांपर्यंत ऐकू गेली, आणि पाठोपाठ पैठणीवर दुधाचा ओघळ. पणजीनं निवांत पदर झटकला नि विचारलं,

"नाव काय ठेवताय गं?"

"अम्लान," आई म्हणाली. "म्हणजे कधी न कोमेजणारा."

कोपऱ्यातल्या मामी माझ्या कानाशी लागल्या, "बघा, नावातसुद्धा ॲसिडिटी!"