पोट्टीले नव्वद पडले

आमच्या गावापासूनच सुरुवात करू. घरपट्टीच्या पावतीवर बल्लारपूर. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर बल्हारशाह. आजीच्या तोंडी बल्लारशा. आणि रेल्वेच्या संगणकात यातलं एकही नाही, तिथे आम्ही बीपीक्यू. नावात कुठेही नसलेला क्यू तिकिटावर घेऊन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करतो आणि बरोबर घरी पोचतो. कागद बदलला की नाव बदलतं, हे ज्या गावाला पाळण्यात कळतं, त्या गावाने तरी आकड्याला फसायला नको होतं. पण १४ जून २०२५ ला डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला आणि आमची अख्खी गल्ली फसली.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी पेढे घेऊन दारात.

“पोट्टीले नव्वद पडले जी.”

“नव्वद टक्के?”

“हाव ना. कागदावर हाय तसं.”

कागदावर नव्वद होतं, हे खरं. आम्ही पेढा तोंडात टाकला, म्हणजे पुढचा प्रश्न विचारायची सोय उरली नाही. तासाभरात नव्वद राजुऱ्याच्या मावशीकडे पोचले. मावशीने ते नागपूरच्या मामाला कळवताना “सरकारी कॉलेज पक्कं” एवढं पदरचं घातलं. गडचिरोलीच्या आत्याचा उलटा फोन आला, की आमच्या इथंही २०२४ पासून मेडिकल कॉलेज सुरू झालं आहे, पोरीला घरचं जेवण मिळेल, वसतिगृह कशाला? चंद्रपूरचं कॉलेज २०१५ पासूनचं, शिवाय पंधरा-सोळा किलोमीटरवर; त्यामुळे वहिनींचा कल तिकडे. नणंद-भावजयीत पोरगी कुठे शिकणार यावरून थोडा अबोलाही झाला. रविवारी चौकात फ्लेक्स लागला: नीट परीक्षेत ९०% गुण, हार्दिक अभिनंदन. पोरीचा फोटो पासपोर्टएवढा, शुभेच्छुकांचे अकरा, आणि भावी नगरसेवकांचा कमरेपर्यंत.

गप्प होते ते फक्त पोरीचे वडील. कोळसा खाणीत सॅम्पलिंगला आहेत. आयुष्यभर कोळशाचे नमुने गोळा करून, फोडून, चाळून प्रयोगशाळेत पाठवत आलेला माणूस. रात्री निकालाचा कागद घेऊन आमच्याकडे आले. “भाऊ, तुमी पेपरात लिहिता म्हणून विचारतो. हे टक्के नोहेत. पोट्टीले सातशेवीसपैकी चारशेच्या थोडे वर हायत. त्याचे नव्वद टक्के कोण्या हिशोबानं झाले?”

कोणत्याच हिशोबाने नाही. ते नव्वद पर्सेंटाईल. म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरांतले नव्वद तिच्या मागे किंवा बरोबरीला, दहा पुढे. ऐकायला छान. फक्त त्या वर्षी परीक्षेला बसले होते बावीस लाखांवर. त्यांतले दहा टक्के पुढे म्हणजे दोन लाख वीस हजार पोरं पुढे. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या जवळपास निम्म्या सरकारी. रांगेत आपल्या पुढे किती उभे आहेत हे सांगायचं सोडून मागे किती उभे आहेत ते मोठ्या अक्षरात सांगायचं, ही युक्ती ज्याने काढली त्याला रेशन दुकानाचा अनुभव नसावा.

शेजारी पेपर मिलमधून रिटायर झालेले काका बसले होते. कागद बोटांत धरून त्याचं वजन, म्हणजे जीएसएम, सांगणारा माणूस. त्यांनी निकालाचा कागद आधी बोटांनी चोळून पाहिला, मग वाचला. “पात्र होयाले खुल्या गटात किती लागते?” पन्नास पर्सेंटाईल. “म्हणजे गुण किती?” २०२५ ला १४४. काकांनी पेन काढलं. ७२० पैकी १४४. भागाकार निःशेष सुटला. वीस टक्के.

“म्हणजे पन्नास म्हणजे वीस?”

“हो.”

“आन्‌ बारावीले पस्तीसच्या खाली पडले तं नापास?”

“हो.”

“मंग वीसवाला बारावीले नापास, पण डाक्टरीले पात्र?”

बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात खुल्या गटाला निदान पन्नास टक्के लागतात, असं मी घाईघाईने सांगितलं. काका म्हणाले, “हे पन्नास म्हणजे पन्नासच ना? का हेही दुसरे कायी हायत?”

हे पन्नास खरे पन्नास होते. आनंदाच्या भरात काकांनी दुसरा पेढा घेतला.

पेढ्यांचा वास येऊन तोवर आणखी दोघं आत आली. त्यातल्या एकाचा मुलगा सीबीएसईचा, दहावीला दहापैकी दहा सीजीपीए पडलेला, त्या जुन्या काळातला. त्याची जखम ओलीच आहे. २०१० पासून सात-आठ वर्षं तिथे गुणांऐवजी श्रेणी देत. टक्के हवे असतील तर सीजीपीएला साडेनऊने गुणा, असं बोर्डाचं सांगणं. दहा गुणिले साडेनऊ, पंच्याण्णव. म्हणजे पोरगं कितीही हुशार निघालं, अगदी शंभरपैकी शंभर मिळवणारं असलं, तरी गुणाकाराच्या छताला डोकं आपटून पंच्याण्णववरच थांबणार. इकडे आपल्या राज्य मंडळाला असलं छतच नाही. २०२५ च्या दहावीत २११ मुलांना शंभर टक्के. खेळाचे आणि चित्रकलेचे गुण धरून, पण शंभर म्हणजे शंभर. आता हे दोघे एकाच अर्जाच्या एकाच रकान्यात उभे केले तर पंच्याण्णववाला हुशार की शंभरवाला, हे रकान्याला कसं कळावं?

तसा आपल्या राज्याचा या विषयाचा अभ्यास दांडगा आहे. अकरावीच्या प्रवेशासाठी २००८ ला पर्सेंटाईलचं सूत्र आणलं, ते उच्च न्यायालयाने रद्द केलं. २००९ ला नव्वद-दहाचा कोटा आणला, तोही रद्द. २०१० ला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आणलं, उच्च न्यायालयाने तेही रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयात मात्र ते तरलं. तीन वर्षांत तीन गणितं. त्या काळात दहावीचा निकाल बोर्डाने लावायचा आणि अकरावीचा प्रवेश न्यायालयाने द्यायचा अशी कामाची वाटणीच होती.

पण खरा चमत्कार पाहायचा तर २०२४ ची नीट. सोडवायचे १८० प्रश्न, बरोबर आला तर चार गुण, चुकला तर एक वजा. सगळे बरोबर तर ७२०. एक सोडला तर ७१६. एक चुकला तर ७१५. यांच्या मधे काही नाही. तिथे पोचायला जिनाच नाही. तरी ४ जूनला निकाल लागला तेव्हा ७१८ आणि ७१९ गुणांची माणसं सापडली. आमच्याकडे ताडोब्यात नसलेला प्राणी दिसला तर आधी वनखातं कॅमेरे लावतं. इथे आधी गुणपत्रिका वाटल्या आणि मग खुलासा केला, की काही केंद्रांवर वेळ वाया गेला, म्हणून १,५६३ जणांना वाया गेलेल्या वेळेचं गुणांत रूपांतर करून दिलं. सूत्र कुठलं? तर वकिलीच्या प्रवेश परीक्षेच्या एका खटल्यात २०१८ ला वापरलेलं. डॉक्टरांना वकिलांचं औषध! त्या केंद्रांत आमच्या गडचिरोलीच्या पलीकडचं दंतेवाडाही होतं. आणि ही भरपाई घेऊनही काहींचे गुण उणे वीस भरले, असं खुद्द परीक्षा घेणाऱ्या एनटीएनेच सांगितलं. भरपाई मिळाल्यावर उणे वीस! आम्ही धानाच्या नुकसानभरपाईचे अनुभवी लोक, त्यामुळे आम्हाला याचं तेवढं नवल वाटलं नाही.

मग हे वाढीव गुण काढून घेतले, २३ जूनला फेरपरीक्षा ठेवली, १,५६३ पैकी ८१३ जण आले. तेवढ्यात भौतिकशास्त्राचा एक प्रश्न उभा राहिला: अणू स्थिर असतो की नाही. जुन्या पाठ्यपुस्तकात एक, नव्यात दुसरं, म्हणून दोन्ही उत्तरांना गुण दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं, एकच उत्तर बरोबर ठरलं, आणि चार लाखांवर पोरांचे पाच-पाच गुण गेले. पैकीच्या पैकी मिळवणारे आधी ६७ होते, फेरपरीक्षेनंतर ६१ झाले, मग १७ उरले. अणूचं नक्की होईपर्यंत पोरं तेवढी अस्थिर.

एनटीएच्या महासंचालकांना त्या जूनमध्ये हटवलं, एवढं झालं. जुन्या लोकांना यावर १९८६ आठवतं. तेव्हा गुणांत फेरफार करायला सूत्र वगैरे लागत नसे. मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत मुख्यमंत्र्यांच्या मुलीचे गुण वाढवले गेल्याच्या आरोपाचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ताशेरे आले आणि शिवाजीराव पाटील-निलंगेकरांना मार्चमध्ये मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. एका मुलीच्या गुणांवरून मुख्यमंत्री गेले. त्या हिशोबाने चार लाखांवर पोरांच्या गुणांसाठी कोण-कोण जायला हवं होतं, याचा गुणाकार काकांनी करायला घेतला होता. मी पेन काढून घेतलं.

पर्सेंटाईलचा तळ कुठे आहे तोही सांगतो. २०२३ च्या सप्टेंबरात पदव्युत्तर नीटची पात्रता सगळ्या गटांसाठी शून्य पर्सेंटाईलवर आणली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. शून्य म्हणजे शून्य गुण, असं तुम्हाला वाटेल. चूक. शून्य पर्सेंटाईल म्हणजे ८०० पैकी उणे चाळीस. एमबीबीएस झालेल्यांचीच ती परीक्षा, आणि पात्र झालं म्हणजे प्रवेश मिळाला असं नव्हे, हे मान्य. तरीही उणे चाळीस ही पात्रता ऐकल्यावर काकांनी आपली रक्तदाबाची गोळी हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा डबीत ठेवली.

पोरीचे वडील इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, “आमच्यातही असं झालं होतं जी.”

कोळशाची प्रत आधी ए ते जी, अशी सात इयत्तांत लावत. सूत्र साधं: राख आणि ओलावा यांच्या टक्क्यांची बेरीज करा, १३८ ने गुणा, ८९०० मधून वजा करा. १ जानेवारी २०१२ पासून ते गेलं. आता कोळसा जाळून किती उष्णता निघते ते मोजतात आणि जी-१ ते जी-१७ असे सतरा दर्जे लावतात. “एका रात्रीत सातचे सतरा झाले. कोळसा तोच, खड्डा तोच, आमी तेच. पण जुना डी नव्या कोण्या जी मंधी बसते, हे पाह्याले तक्ता होता. कोणी असं नाही म्हटलं, का हा नव्वद टक्के कोळसा हाय.”

आणि भांडण झालं तर? खाणीतून निघताना एक दर्जा आणि वीज केंद्रात पोचेपर्यंत दोन पायऱ्या खाली, ही तक्रार देशभर जुनी आहे. म्हणून तिसऱ्याच संस्थेकडून नमुना तपासून घेतात. धनबादची सिम्फर ही सरकारी प्रयोगशाळा त्यासाठीच मधे आणली. विकणारा एक, घेणारा दुसरा, मोजणारा तिसरा. दर्जा घसरला तर बिलातून पैसे कापतात. काकांनी मिलचं सांगितलं: ठरल्यापेक्षा जीएसएम कमी भरला तर गिऱ्हाईक रीळ परत पाठवतं. सागवानाच्या डेपोत तर ओंडक्याचा घेर टेपने मोजतात आणि खडूने ओंडक्यावरच लिहितात. २०२३ ला अयोध्येच्या मंदिरासाठी इथून सागवान गेलं, त्याच्याबरोबर कोणी पर्सेंटाईल पाठवला नाही.

बल्लारपुरातून जे जे बाहेर जातं त्याची प्रत लावायची रीत आहे. राहता राहिली पोरं.

अर्ज भरायला आम्ही एका ऑनलाईन सेंटरवर गेलो. मुलगा भराभर टंकत होता. बारावीचे तीन विषयांचे टक्के, या रकान्यात त्याने नव्वद टाकले. पोरीला होते अठ्ठ्याहत्तर. “दादा, ते पर्सेंटाईल आहे,” ती म्हणाली. “एकच असते ते,” तो म्हणाला. संगणकानेही हरकत घेतली नाही. शंभरच्या आतला आकडा त्याला पुरे होता. वडिलांनी हात धरून ते खोडायला लावलं. नाही तर कागदपत्रं तपासताना मूळ गुणपत्रिकेत अठ्ठ्याहत्तर, अर्जात नव्वद, आणि गल्लीची हुशार पोट्टी एका दुपारीत खोटारडी ठरली असती. सेंटरवाल्याने दुरुस्तीचे वेगळे तीस रुपये घेतले.

बाहेर आल्यावर वडिलांनी मला एक हिशोब दाखवला. एनटीएने तात्पुरती उत्तरतालिका लावली तेव्हा पोरीने दोन प्रश्नांवर हरकत घेतली होती. प्रश्नामागे २०० रुपये, म्हणजे ४००. हे पैसे परत मिळत नाहीत, असं नियमातच लिहिलेलं. तिसरा मोजणारा कोण, तो रकाना त्यांनी वहीत कोरा सोडला होता.

चौकातला फ्लेक्स अजून तसाच आहे. पावसाने ‘गुण’ पुसलं गेलं आहे, ९०% शाबूत आहे.