जिल्ह्याला शोभेल असा बाजार

तहसील होती तोवर पांढुर्ण्याच्या जुन्या बाजाररस्त्याला कुणी नावं ठेवत नव्हतं. नाली तुंबायची, गाय मधोमध बसायची, मोटारसायकलीला मोटारसायकल अडायची, आणि लोक सौदा घेऊन आपापल्या घरी जायचे. 5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून निघाल्या, पांढुर्णा जिल्हा झाला, आणि तीच नाली, तीच गाय एका रात्रीत जिल्ह्याच्या ठिकाणाला न शोभणारी ठरली. गाईला याची काही कल्पना नाही. ती अजून तहसिलीतच बसली आहे.

पानठेल्यावर सध्या याहून मोठा विषय नाही. कागदावर एखादी योजना आहे की नाही, याच्याशी या चर्चेला काही देणंघेणं नसतं. योजना नसली तर उलट चर्चा जास्त मोकळी होते. रस्ता चाळीस फूट करावा, गट्टू बसवावे, सगळी शटरं एका रंगाची करावी, जुनी दुकानं पाडून दोन मजली कॉम्प्लेक्स काढावं, मधोमध दिव्यांचे खांब लावावे. कापडवाल्या भाऊंनी तर खांबांचा आकारही ठरवून ठेवला आहे. भोपाळला त्यांच्या साडूच्या कॉलनीत आहेत, तसे. निवृत्त गुरुजी तेवढे विचारतात, "पण भाऊ, चाळीस फूट आणणार कुठून?" यावर भाऊ समोरच्या ओळीकडे हात करतात. समोरच्या ओळीतही असाच एक पानठेला आहे, आणि तिथला हात या ओळीकडे असतो.

समोरासमोर उभं राहायची सवय आम्हाला जुनीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे पात्रात रोवलेलं पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा, अशी आमची गोटमार. झेंडा काढून आणेल तो जिंकला, आणि झेंडा मग चंडीमातेला. या काठाचा पोरगा आणि त्या काठाची पोरगी पळून चालले होते, नदीत अडकले आणि दोन्हीकडून दगड आले, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे; दगड मात्र खरे असतात. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत, तेव्हा या बाबतीत मी निःसंकोच प्रशासनाच्या बाजूचा. प्रशासनानं मागे दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले होते. लोकांनी दगडच उचलले. चेंडूंची कल्पना वाईट नव्हती, पण ती ज्यांच्या हातात द्यायची त्यांच्यात बसून कुणी ठरवली नव्हती. बाजारात गट्टूंची गोष्ट निघाली की मला ते चेंडू आठवतात.

रस्ता पडका दिसतो यात शंका नाही. छपरांवर पन्नी, पन्नीवर विटा, विटांवर शेवाळ. पण तो रिकामा नाही, आणि का नाही हे समजायला थोडं भूगोलात शिरावं लागतं. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली; आमची नजर काही नागपूरवरून हलली नाही. नोटीस हिंदीत येते, तिच्यावरचं भांडण मराठीत होतं. नागपूर शंभर किलोमीटरच्या आत, रेल्वे आहे, हायवे आहे. लग्नाचा बस्ता नागपूरला, दातांचा डॉक्टर नागपूरला, पोरांचं कॉलेज नागपूरला. सौंसरकरांना तर नागपूर आणखी जवळ. आमचा संत्रासुद्धा सीमा ओलांडली की नागपुरी होतो, तिथे माणसांचं काय घेऊन बसलात!

मग आमच्या बाजारात उरलं काय? ज्याच्यासाठी नागपूरला जाणं परवडत नाही, ते सगळं. कुकरला रबर आणि शिट्टी बसवून देणारा, मिक्सरच्या भांड्याला धार लावून देणारा, पिको-फॉल करणारी, चपलेला टाका घालणारा, खिळे वजनावर देणारा, कासरा, वेसण आणि घुंगुरमाळा विकणारा. आणि सगळ्यात मोठा माल म्हणजे उधारी. 'आंबिया निघाला की देतो', 'कापूस गेला की देतो' या बोलीवर इथे घरोघरचा किराणा चालतो. नागपूरच्या मॉलमध्ये कार्ड चालतं, मोबाईल चालतो. 'बगीचा विकला की देतो' हे चालत नाही.

आता ही उधारी दुकानदार देतो ती काही त्याचं मन मोठं आहे म्हणून नव्हे. मन असेलही, पण मनानं घाऊक व्यापाऱ्याचं बिल फिटत नाही. त्याला ती परवडते, कारण त्याचं भाडं त्याच्या आजोबांच्या वेळचं आहे. कवेलूचं छप्पर गळतं, फळ्यांचं दार धड लागत नाही, भिंतीतून पिंपळ निघाला आहे, म्हणून भाडं कमी; भाडं कमी, म्हणून चार-सहा महिने पैशांची वाट पाहता येते; आणि तो वाट पाहतो म्हणून वाडीवाल्याला बहार निघेपर्यंत सावकाराकडे जावं लागत नाही. ज्याला आपण पडकी ओळ म्हणतो ती अशी बँक आहे, पाटी नसलेली आणि प्लॅस्टर उडालेली. नव्या कॉम्प्लेक्समध्ये गाळ्याचा हप्ता महिन्याच्या महिन्याला येईल आणि बहार येईल वर्षातून एकदा, फार तर दोनदा. मधल्या महिन्यांत दुकानदारानं कुणाच्या तोंडाकडे पाहायचं, हे कुठल्या नकाशात लिहिलेलं नसतं. पुनर्विकासाच्या सगळ्या गप्पांत माझं अडतं ते इथे. बाकी खांब कसेही असोत.

याचा अर्थ ही व्यवस्था फार सुंदर आहे असा नाही. 1961 चा मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम मालक आणि भाडेकरू दोघांनाही तोंडपाठ असतो, पण प्रत्येकाला अर्धाच. मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात मी कवेलू कशाला बदलू? भाडेकरू म्हणतो, दुसऱ्याच्या छपरावर मी पैसा कशाला घालू? मालकाची इच्छा की इमारत या पावसाळ्यात पडावी. भाडेकरूची इच्छा की पोरीचं लग्न होईस्तोवर टिकावी. दोघंही आषाढात वर आभाळाकडे पाहतात आणि इमारत दोघांचंही ऐकत नाही.

जुन्या रस्त्याबद्दल मी एकदा फारच हळवं बोलत होतो, तेव्हा बांगड्यांच्या दुकानातल्या वहिनींनी मधेच तोडलं. "तुमचा वारसा तुमच्यापाशीच ठेवा, भाऊजी. आमच्यासाठी एक मुतारी बांधा आधी. सकाळी दहाला दुकान उघडतो, रात्री आठले बंद करतो, पाणी पीत नाही आम्ही दिवसभर." पानठेल्यावर दिव्यांच्या खांबांवर इतके तास गेले, मुतारीवर एक मिनिट गेलं नव्हतं, कारण पानठेल्यावर उभे राहणाऱ्यांना नाली आहे. हेही लिहून ठेवलं पाहिजे की आग लागली तर या रस्त्यात बंब शिरणार नाही, आणि पावसाळ्यात नाली कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो हे फक्त गाईला कळतं.

तेव्हा काहीच करू नये, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. किती करावं, एवढाच प्रश्न. आणि या प्रश्नाचं एक नामी उत्तर आमच्याच प्रदेशात, होळकरांच्या इंदुरात, शंभर वर्षांपूर्वी देऊन झालेलं आहे. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश गृहस्थ तिथे नगररचनेचा विचार करायला आला होता. पुढे 1919 मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. जुन्या वस्तीतून सरळ रेघ मारून रुंद रस्ता काढायचा, ही त्या काळच्या इंजिनियरांची आवडती पद्धत त्याला मुळीच पसंत नव्हती. एखादं पडकं घर काढा, तिथे चार माणसांना बसता येईल असा चौक होऊ द्या, झाड वाचवा, नाली दुरुस्त करा, बाकीच्यांना राहू द्या, असं त्याचं जपून कापण्याचं तंत्र होतं. पण प्लेगच्या भीतीनं धास्तावलेले लोक या साहेबाकडे संशयानं पाहत. कागद घेऊन घरं बघत फिरणारा माणूस घर पाडायलाच आला असणार, हे लोकांनी तेव्हाही ओळखलेलं होतं. मग त्यानं एक युक्ती केली. दिवाळीत एक दिवसाचा महाराजा व्हायची परवानगी मागून घेतली आणि जाहीर केलं की यंदाची मिरवणूक नेहमीच्या वाटेनं जायची नाही. ज्या गल्लीत जास्तीत जास्त घरं झाडून-लोटून, डागडुजी करून तयार असतील त्या गल्लीतून जाईल. गाव झाडायला लागलं. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा मोठा पुतळा निघाला आणि रावणासारखा जाळला गेला. 1918 मध्ये गेडिसचा इंदूरचा अहवाल दोन खंडांत छापून आला; ते खंड कितीजणांनी वाचले असतील कोण जाणे, पण उंदराची गोष्ट टिकली.

आमच्याकडे अशी मिरवणूक काढायची तर अडचण एवढीच, की ती आधी कोणत्या ओळीच्या बाजूनं जाणार यावरून समोरासमोरचे पानठेले पुन्हा उभे राहतील.

बाहेर काय चाललं आहे हेही आम्ही ऐकून असतो. पुण्यात 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळतात. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद आणि माणसं चालू. आमच्याकडे तो रोजच असतो, फक्त गाड्यांसकट. दिल्लीचा चांदणी चौक त्याच वर्षी लाल दगड घालून नवा केला. तिकडून आलेल्या एका नातलगानं फोटो दाखवले, भाऊंनी ते बोटांनी मोठे करून बराच वेळ पाहिले आणि विचारलं, "हे काम सुरू असताना धंदा कुठे लावला होता जी यांनी?" इतक्या महिन्यांत त्यांनी खांबांपलीकडचं काही विचारलं ते हे पहिलंच.

हा प्रश्न सौंसरवाल्याला विचारावा. तिथली छोटी लाईन 2015 मध्ये बंद झाली, मोठी व्हायची म्हणून. मोठी झालीही, चांगली झाली. पण मधली काही वर्षं रुळांवर गाडी नव्हती. गाडीला वर्षं थांबता येतं. स्टेशनासमोर चहाची केटली घेऊन बसणाऱ्याला थांबता येत नाही.

त्या फोटोंनंतर आमच्या चर्चेचा सूर बदलला. अर्थात त्याला दुसरंही कारण आहे. रुंदीकरण गावाच्या हिताचं असतं तोवर सगळे त्याच्या बाजूचे; ते आपल्या ओट्यापर्यंत आलं की अभ्यास सुरू होतो. भाऊंनी एका रविवारी, दुकान बंद असताना, स्वतःच टेप धरून पाहिली. चाळीस फुटांत त्यांचा ओटा, गल्ला आणि ट्रायल रूम जाते. तेव्हापासून ते जुन्या बाजाराच्या ऐतिहासिक महत्त्वावर फार छान बोलतात. मला यात ढोंग दिसत नाही. माणसाला स्वतःच्या गल्ल्यावरून समोरच्याचा गल्ला कळत असेल, तर तेही ज्ञानच. आणि घाई कुणाला आहे? सौंसरजवळ जामसावळीला आमचा मारुतीसुद्धा पिंपळाखाली पहुडलेला आहे. द्रोणागिरी उचलणारा देव ज्या मुलखात आडवा झाला, तिथे नाली एका आर्थिक वर्षात होईल अशी अपेक्षा धरणं बरं नव्हे.

तरी कुठून तरी सुरुवात करायचीच असेल, तर कायदा पानठेल्यापेक्षा शहाणा आहे. 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा सांगतो की आधी विक्रेत्यांची मोजणी करा आणि ती पूर्ण होईस्तोवर कुणाला उठवू नका; नगर समितीत निदान चाळीस टक्के माणसं विक्रेत्यांतून निवडलेली हवीत, आणि त्यांत एकतृतीयांश बायका. म्हणजे मुतारीचा विषय पहिल्याच बैठकीत निघेल, खांबांचा शेवटी. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं, असंही त्यात आहे. 2011 च्या जनगणनेत पांढुर्ण्याची लोकसंख्या पंचेचाळीस हजारांच्या आसपास होती. म्हणजे अकराशेवर विक्रेते झाले. हे गणित मी सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाले, "अकराशे? इतकं तर गिऱ्हाईक नाही येत, बाप्पा!"

गुरुजींना आकडा पटला. त्यांची एकच सूचना आहे: मोजणी पोळ्याच्या आठवड्यात ठेवू नये. त्या दिवसांत मुलताईपासून काटोल-वरुडपर्यंतचे लोक झुली, घुंगरं आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घेऊन इथे बसतात. अकराशेचे दोन हजार भरतील, त्यांतले निम्मे महाराष्ट्राचे निघतील, आणि मग ती यादी भोपाळला पाठवायची की मुंबईला, हे ठरवायला आणखी एक समिती नेमावी लागेल.