सॅमनशास्त्री

सिअ‍ॅटलच्या पलीकडे बेलव्ह्यू, रेडमंड, सॅमामिश या पट्ट्यात मराठी मंडळींच्या प्रत्येक कंपूत एक सॅमनशास्त्री असतोच. आमच्याकडचे शास्त्रीबुवा मूळचे सदाशिव पेठेतले. घरी आजीचं कडक सोवळं, अंघोळ केल्याशिवाय लोणच्याच्या बरणीला हात लावायची सोय नाही. नोकरी इकडे लागली आणि बुवांनी सोवळं सोडलं, असं पुण्यात त्यांचे नातेवाईक म्हणतात. साफ खोटं. सोवळं तेच आहे, फक्त आता ते माशाला लागू झालंय.

मी वेंगुर्ल्याचा. बांगडा-पेडव्यावर वाढलेला. पण उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात मासा म्हणजे काय, हे मला पहिलीपासून शिकावं लागतं.

मेच्या मध्यावर अलास्कातल्या कॉपर नदीच्या मुखाशी मासेमारी खुली होते आणि पहिला माल विमानाने सी-टॅकला येतो. वैमानिक भलामोठा मासा कवेत घेऊन लाल गालिच्यावर उतरतो, फोटो निघतात. त्या दिवशी शास्त्रीबुवा मीटिंगला देहाने हजर असतात. नदी सुमारे ३०० मैलांची, पाणी बर्फाचं, ओढ जबर. वर चढताना मासा खात नाही म्हणून समुद्रातच चरबी साठवून निघतो. एवढं ऐकल्याशिवाय पाहुण्याला खुर्ची मिळत नाही.

पिंजऱ्यात वाढवलेला मासा त्यांच्या घरात निषिद्ध. "अलास्काने १९९० सालीच मत्स्यशेतीवर बंदी घातली," हे ते अशा सुरात सांगतात की ठराव यांनीच मांडला असावा. जंगली सॉकाय सॅमनला लाली येते ती समुद्रात खाल्लेल्या क्रिलमधून; पिंजऱ्यातल्याला रंग खाद्यातून चारतात. माझी बायको एकदा चुकून म्हणाली, "आपल्या रावसासारखाच की!" त्यानंतर तिच्या ताटात शेपटीकडचा तुकडा येतो.

तयारी पाहण्यासारखी. देवदाराची फळी सकाळपासून पाण्यात बुडवलेली, वर दगड. फिले कागदाने टिपून कोरडा. मग बुवा डोळे मिटतात आणि माशाच्या जाड भागावरून बोट फिरवत काटे शोधतात. काटा लागला की चिमट्याने, तो ज्या बाजूला कललाय त्याच दिशेने, हलकेच ओढायचा. उलटा ओढला तर मांस फाटतं. पाच वर्षांचा मुलगा शेजारी वाटी धरून उभा. मीठ आणि ब्राउन शुगर चोळून फ्रिजमध्ये. हळद? नाही. लसूण? तुम्ही बाहेर बसा.

एक गोष्ट मात्र ते सांगत नाहीत, ती वहिनींकडून कळली. जंगली सॅमनमध्ये कृमी असू शकतात आणि बुवांना मासा आतून ओलसरच हवा. म्हणून तो आधी उणे २० सेल्सियसच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर पडून असतो. पाहुण्यांसमोर त्याचं नाव "ताजा".

ग्रिल पेटलं की बोलणं बंद. फळी धुमसायला लागते, झाकण पडतं, हातात थर्मामीटर. सरकारी सल्ला १४५ फॅरनहाइटचा. बुवा १२०ला उतरवतात, कारण जंगली माशात पिंजऱ्यातल्यापेक्षा चरबी कमी आणि तो लगेच चरचरीत कोरडा होतो. जास्त तापला की अंगातून पांढरं प्रथिन दह्यासारखं बाहेर येतं. गेल्या जुलैत ते आलं. गप्पांत झाकण उघडायला उशीर झाला होता, आणि गप्पा अर्थातच कॉपर नदीच्या. बुवांनी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली, चाकूने ते खरवडलं आणि मगच ताटं मांडली.

चव? खोटं कशाला बोलू, अप्रतिम होती. धुराचा वास, कातडी कुरकुरीत नाही पण मांस पाकळ्यापाकळ्यांनी सुटणारं. मी लिंबाकडे हात नेला, तर बुवांनी माझ्याकडे आजीच्या नजरेने पाहिलं.

परतफेड म्हणून आम्ही त्यांना कोंबडी-वड्यांना बोलावलं. कोंबडीची कुळकथा विचारून झाली. शेवटी सोलकढीची वाटी ओठाला लावता लावता ते थांबले.

"कोकमं कुठली?"

"आमच्या काकींच्या परसातली," बायको अभिमानाने म्हणाली. "काकांनी स्वतः झाड लावलंय."

"म्हणजे फार्म्ड," म्हणत बुवांनी वाटी खाली ठेवली.