उत्तर चोवीस तासांत, पैसे बघू

जानेवारी २०२२ मध्ये स्वीडनच्या डॅनिअल स्टेनबर्ग या प्रोग्रामरला एका बड्या कंपनीचा मेल आला. लॉगफोरजे या सॉफ्टवेअरमधलं भगदाड नुकतंच जगभर गाजलं होतं. तुमच्या सॉफ्टवेअरला त्याचा धोका आहे का, असेल तर काय उपाय केलेत, हे सगळं चोवीस तासांत कळवा, असा तो मेल. इंटरनेटवरून डेटाची ने-आण करणाऱ्या स्टेनबर्गच्या 'कर्ल' या प्रोग्राममध्ये लॉगफोरजे वापरलेलंच नव्हतं. आणि त्या कंपनीनं कर्लसाठी त्याला कधी दमडीही दिलेली नव्हती. त्यानं कळवलं की आधी सपोर्टचा करार करू, मग सगळ्या प्रश्नांची उत्तरं आनंदानं देतो. कंपनीचं नाव झाकून हा पत्रव्यवहार त्यानं जाहीरही केला.

या जाहीर करण्याला मी फार मान देतो. पैशाची गोष्ट चारचौघांत बोलायची हिंमत प्रोग्रामर मंडळींत क्वचित दिसते.

कर्लची सुरुवात १९९६ च्या अखेरीची. चॅटवरच्या लोकांना चलनांचे दर आपोआप मिळावेत म्हणून स्टेनबर्गनं एक चिमुकला प्रोग्राम हाती घेतला. १९९८ मध्ये त्याला कर्ल हे नाव मिळालं. आज तुमच्या फोनमध्ये, टीव्हीत, कदाचित मोटारीतही तो आहे. जवळपास दोन दशकं स्टेनबर्गनं हे काम पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, रात्री आणि सुट्टीत केलं. कर्लवर पूर्णवेळ, पगारी काम करायला त्याला २०१९ उजाडावं लागलं. जगातल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामांपैकी एकाच्या कर्त्याची ही कथा, तर आपल्या नाशिक-कोल्हापूरच्या फ्रीलान्सरनं कुणाकडे बघायचं?

या फ्रीलान्सरच्या फोनवर रात्री दहाला मेसेज येतो, "एक छोटासाच चेंज आहे, सकाळी डेमो आहे." तो चेंज होतो, डेमोही होतो. मग बिलाची पाळी येते. "अकाउंट्सला पाठवलंय." "साहेब टूरवर आहेत." "आमच्याच क्लायंटचे आले नाहीत हो." टीडीएस कापला म्हणून सांगतात, पण तो कराच्या खात्यात दिसत नाही. चार महिने उलटतात आणि तोच माणूस पुन्हा फोन करतो, नवीन कामासाठी! फ्रीलान्सर ते कामही घेतो, कारण जुने पैसे तिथेच अडकलेले असतात.

शनिवारी हाच माणूस प्रोग्रामरांच्या मीटअपला जातो. जायलाच हवं. शेजारच्या टेबलावर सीनियर बसलेला नसतो, चुकलेली क्वेरी दाखवायला कुणी नसतं, तेव्हा समूह हेच त्याचं ऑफिस. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची २०११ ची पायकॉन इंडिया परिषद पुण्यात झाली. ती भरवणारे सगळे स्वयंसेवक. भारतीय पायथन समूहासाठी झटलेले केनेथ गोन्साल्विस २०१२ मध्ये गेले, त्यांच्या नावानं समूह आजही पुरस्कार देतो. नवख्याला तासभर बसवून डॉकर समजावणारी, अनोळखी माणसाची पुल रिक्वेस्ट रविवारी तपासणारी ही जमात आहे. इतकं ज्ञान इतक्या मोकळेपणानं वाटणारा दुसरा व्यवसाय मला माहीत नाही.

पण याच खोलीत विचारा, तुझा दर काय? अ‍ॅडव्हान्स किती घेतोस? त्या अमुक कंपनीनं तुझे पैसे दिले का? सगळे चहाच्या कपात बघायला लागतात. डेटाबेसच्या इंडेक्सवर पाऊण तासाचं भाषण होतं, करारनाम्यावर पाच मिनिटांचं नाही. एकाच शहरात एकच कंपनी एकामागून एक डेव्हलपरना बुडवत जाते आणि पुढच्याला आधीच्याचा पत्ताच नसतो. पैसे बुडवणाऱ्याचा सगळा धंदा या मौनावर चालतो.

कायदा मात्र मुका नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सांगतो की लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. घरातून एकट्यानं सेवा देणारा डेव्हलपरसुद्धा उद्यम नोंदणी करू शकतो. ती फुकट आहे. याच कायद्याखालच्या, राज्यातल्या सुविधा परिषदेकडे तक्रार ऑनलाइन करता येते. परिषदेचा निकाल विरुद्ध गेला आणि कंपनीला कोर्टात जायचं असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकरातही चाप लावला आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. हे सांगितलं की फोनवरचा आवाज बदलतो.

यातलं किती मीटअपमध्ये सांगितलं जातं?

"आम्ही पैशासाठी करत नाही" हे वाक्य ओपन सोर्सवाल्यांच्या तोंडी फार असतं. मनापासून असतं, पण त्याचा फायदा कोण उचलतं तेही बघा. २०१४ मध्ये हार्टब्लीड या भगदाडानं हाहाकार उडवला तेव्हा कळलं की निम्म्या इंटरनेटची कुलुपं सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या साधारण दोन हजार डॉलर आहेत. एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या लायब्ररीचं काम लासे कॉलिन नावाचा एकटा माणूस बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये त्यानं उघडपणे लिहिलं की आपली मनःस्थिती बरी नाही, आणि हा बिनपैशाचा छंद आहे हे लक्षात ठेवा. ते ऐकून एकही कंपनी पुढं आली नाही. 'जिया टॅन' या नावानं वावरणारा मदतनीस मात्र तत्पर होता, आणि त्यानंच पुढं त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आन्द्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेव्हलपरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला, म्हणून जग वाचलं.

कॉलिन बोलला तेव्हा त्याला जिया टॅनच्या जागी पगारी जोडीदार मिळाला असता तर? झिरोधानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. आपल्या देशातली एक कंपनी हे करते, तर हिंजवडीच्या काचेच्या इमारतींना वर्षाकाठी दोन-चार मेंटेनरचं मानधन जड जाऊ नये. आपण कुणाचं काय वापरतो याची यादी त्यांच्याकडे असतेच. पुढच्या बजेटमध्ये तिच्यासमोर रकमेचा रकाना आखावा.

आणि मीटअप भरवणाऱ्या मित्रांनो, पुढच्या शनिवारी शेवटचा अर्धा तास राखून ठेवा. एका सीएला बोलवा. चांगल्या करारनाम्याचा मराठी नमुना सगळ्यांना द्या. उद्यम नोंदणी काम घेण्याआधी करायची, बिलावर तो क्रमांक छापायचा, मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी व्याजासह लेखी आठवण पाठवायची, हे नव्या पोरापोरींना समजावून सांगा. ज्याचे पैसे अडकलेत त्यानं उभं राहून किती, कधीपासून आणि कुणाकडे, ते सांगावं. तक्रारीचा अर्ज भरायला दोघांनी त्याच्या शेजारी बसावं.