परदेशातून बँकेला फोन कसा लावावा: नवशिक्यांसाठी

ज्यांचं क्रेडिट कार्ड परदेशात अजून एकदाही अडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांचं अडलंय त्यांना मार्गदर्शनाची गरज उरत नाही. ते पुढच्या खेपेला बनियनला आतून खिसा शिवून त्यात डॉलर नेतात.

पूर्वतयारी

मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या मराठी जोडप्याची तयारी दोन महिने चाललेली असते. भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी, गोळ्यांची पाकिटं, पाकिटांवर सकाळ-संध्याकाळ असं पेनाने लिहिलेलं. बॅग वजनकाट्यावर तीनदा चढते नि उतरते. एवढ्या तयारीत बँक कुठेच नसते. ती तशीच नसू द्यावी, नाहीतर पुढचे धडे वाया जातील.

उदाहरणार्थ, बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय वापर’ असं एक बटण असतं. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नियम केला की नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातच चालेल. परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा. नियम चांगला आहे. चोराच्या हाती कार्ड लागलं तरी ते परदेशात चालत नाही. मालकाच्या हाती असलं तरी चालत नाही. घरी चहा पिता पिता हे बटण दाबलं तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण मग फोन करायचं कारणच राहत नाही. खऱ्या नवशिक्याने ते दाबू नये.

दुसरी तयारी सिमची. विमानतळावर उतरल्या उतरल्या तिथलं सिम घालावं आणि भारतातलं सिम टिश्यू पेपरात गुंडाळून पर्समध्ये ठेवावं. पर्समध्ये म्हणजे कुठल्या कप्प्यात, हे लक्षात ठेवू नये. बँकेला तुमची ओळख त्याच सिमवरून पटते. अ‍ॅपही बहुधा तेच शोधतं आणि सापडलं नाही की सगळी नोंदणी पुन्हा करा म्हणतं. हल्लीच्या फोनमध्ये दोन सिम राहतात, भारतातलं सिम डेटा बंद करून तसंच ठेवलं तर एसएमएस येत राहतात आणि येणाऱ्या एसएमएसला आपल्या कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत. मात्र त्यासाठी रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करावं लागतं, आणि निघण्यापूर्वी आपण भाजणी दळून आणत होतो.

कार्ड अडणे

कार्ड अडायला जागा चांगली निवडावी. मुलगा न्यू जर्सीत राहत असेल तर तिथल्या पेट्रोल पंपावर काही घडत नाही, कारण त्या राज्यात गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानेच बंदी आहे. पंपावरचा मुलगा येतो, कार्ड घेतो, भरून देतो. जरा पेन्सिल्वेनियाची हद्द ओलांडावी. तिथे पंप आणि तुम्ही, मध्ये कोणी नाही. कार्ड आत घातलं की यंत्र झिप कोड मागतं. आपण प्रामाणिक माणसं, घरचा पिनकोड टाकू लागतो: ४, १, १, ०, ३. सहावा आकडा यंत्र घेत नाही. अमेरिकेचा झिप पाच आकडी, आपला पिन सहा आकडी. सदाशिव पेठ त्या खिडकीत मावत नाही. इथे शहाणा माणूस आत दुकानात जाऊन गल्ल्यावर कार्ड देतो आणि प्रश्न मिटतो. नवशिका तेच कार्ड पुसून पुन्हा घालतो. मग उलटं घालतो. मग सौभाग्यवतींचं घालतो.

दूर देशातल्या पंपावर लागोपाठ फसलेले प्रयत्न बघून बँकेच्या संगणकाला शंका येते आणि तो कार्डाला कुलूप लावतो. यात त्याचं काही चुकत नाही. एरवी हे कार्ड डी-मार्ट आणि विजेच्या बिलापलीकडे कुठे गेलेलं नसतं.

नंबर लावणे

कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत १८०० ने सुरू होणारा नंबर असतो. हा भारतातला फुकट नंबर. परदेशातून तो सहसा लागत नाही. अमेरिकेतून कधीकधी लागतो, ही त्यातली गंमत. तिथेही १-८०० हे फुकटचेच नंबर आहेत, त्यामुळे आकडे जुळले तर फोन एखाद्या भलत्याच अमेरिकन कंपनीत वाजतो. तिथली बाई अतिशय गोड बोलते. तिला तुमच्या बँकेचं नावही ठाऊक नसतं.

खरा नंबर त्याच्या शेजारी, आणखी बारीक अक्षरांत असतो, तो ०२२ किंवा ०४४ असा सुरू होतो. तो लावताना पहिलं शून्य गाळून आधी +९१ लावायचं. हॉटेलच्या किंवा घरच्या साध्या फोनवर अधिकचं चिन्ह नसतं. तिथे अमेरिकेत ०११ आणि युरोपात ०० दाबून मग ९१. चष्मा गाडीत राहिला असेल तर नंबर मोबाईलवर शोधायचा मोह होतो. हा मोह मात्र खरोखर टाळावा, इथे थट्टा नाही. बँकेच्या नावाने खोटे मदत-क्रमांक टाकून बसलेल्या टोळ्या याच घटकेची वाट बघत असतात, आणि त्यांचा फोन पहिल्या रिंगला उचलला जातो, हीच त्यांची ओळख. बँकेची खरी साइट बघायची तर पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का ते पाहावं; रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना त्या पत्त्यावर जायला लावलं ते याचसाठी.

ओळख पटवणे

आता यंत्र बोलू लागतं. भाषेसाठी एक आकडा, कार्डासाठी एक, हरवलंय की बिलाची शंका आहे यासाठी एक. ‘कार्ड हरवलेलं नाही, माझ्या हातात आहे, पण चालत नाही आणि मागे गाड्यांची रांग लागली आहे’ याला आकडा नाही. कर्जासाठी आहे. नवशिक्याने नऊ दाबावा. नऊ दाबल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि सराव होतो.

पेन्सिल्वेनियात उन्हाळ्यातले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आपल्याकडे पहाटेचे चार. पहाटे चारलाही तिथे माणूस असतो, हे बँकांचं कौतुक केलंच पाहिजे. ती मुलगी रात्रपाळीला असते आणि तिच्यापुढे एक कागद असतो. कागदाबाहेरचं तिला काही विचारू नये, तिची नोकरी जाईल.

जन्मतारीख जमते. आईचं माहेरचं आडनाव मात्र वीस वर्षांपूर्वी फॉर्म भरताना कुणी कसं लिहिलं होतं, यावर नवरा-बायकोंत दुमत होतं. मग ती शेवटचे तीन व्यवहार विचारते. हा प्रश्न सगळ्यांत अवघड. उत्तर माहीत असतं, पण विमानतळावर दोघांच्या डोशाला नेमके किती पडले ते गाडीत बसलेल्या सौभाग्यवतींच्या देखत, फोनवर, मोठ्यांदा सांगावं लागतं. त्यांना तोवर वेगळा आकडा सांगितलेला असतो.

एवढं झाल्यावर ती म्हणते, ‘सर, नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे.’ इथे पर्स उपडी करावी. गोळ्या निघतात, हळदीकुंकवाची पुडी निघते, टिश्यू पेपरही निघतो, पण तो वापरलेला. आणि कार्ड जर पुरवणी असेल, म्हणजे मुख्य कार्ड सौभाग्यवतींच्या चिंचवडला राहिलेल्या भावाचं, तर ओटीपी बहुधा त्याच्या उशाशी वाजतो. त्याला उठवावं. पहाटे चारला बहिणीचा अमेरिकेतून फोन आला म्हणजे काय झालं असेल, हे त्याला समजावण्यात जी पाच मिनिटं जातात तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते.

होल्डवर असताना बाकी काही करता येत नाही म्हणून हिशेब करावा. परदेशी चलनातल्या खर्चावर बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के आकार असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभराला चार रुपये तेरा पैसे. दुकानातलं यंत्र ‘रुपयांत देता की डॉलरमध्ये?’ असं प्रेमाने विचारतं तेव्हा डॉलरच म्हणावं. रुपयांचा भाव तिथला दुकानदार आणि त्याची बँक ठरवतात, आणि तो आपल्याला परवडणारा नसतो.

फोन मध्येच तुटला तर काळजी नको. ती परत फोन करते. नोंदणीकृत मोबाईलवर.

कार्ड खरंच गेलं असेल तर

रोममध्ये टर्मिनी स्टेशनाहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे. तिथून उतरल्यावर खिसा हलका लागला तर मात्र वरचं सगळं विसरावं. कुणाच्याही वायफायवरून अ‍ॅप उघडत असेल तर आधी कार्ड बंद करावं. कळवल्याबरोबर कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, कागदपत्रं नंतर. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ मागून लिहून घ्यावी, कारण पुढे सगळं त्यावर ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा चोरट्या व्यवहाराचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर तुमच्यावर बोजा शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित: पाच लाखांपर्यंतच्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त दहा हजार, त्यावरच्याला पंचवीस हजार. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. पिन स्वतःच कुणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं.

बँक लागतच नसेल तर व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांचेही देशोदेशी मदत-क्रमांक आहेत. ते तुमच्या बँकेला गाठतात आणि तिने होकार दिला तर तात्पुरतं कार्ड किंवा थोडी रोख रक्कमही मिळवून देतात. बँकेला बँकेचा फोन लागतो.

सहल संपवून घरी आल्यावर आंतरराष्ट्रीय वापराचं ते बटण आठवणीने बंद करा. त्याची आठवण करून द्यायला बँकेतून कोणी फोन करणार नाही. फोन येईल तो दुपारी जेवताना, लिमिट वाढवून देऊ का विचारायला. त्या वेळी तुमचं नाव, आडनाव, जन्मतारीख सगळं त्यांना पाठ असेल आणि ओळख पटवायला ते काहीही मागणार नाहीत.